आटे

वेइयो म्हणाला, बघ,
आणि माऊस ओढून इंजिनरूम फिरवली.
म्हणजे फिर म्हणाला.
ती फिरेपर्यंत त्यानं कॉफीत साखर घातली,
ढवळली, चमचा चाटला, बशीत आडवा ठेवला.
अकरा सेकंद.
मग अख्खी फेरीबोट एकदम डावीकडे,
झोपेत कूस बदलावी तशी.

फेब्रुवारी. राउमा. सकाळचे सात.
गोदीचे पिवळे दिवे अजून चालू,
धक्क्यालगतचा बर्फ रात्री फोडलेला, पहाटे पुन्हा सांधलेला.
मी आयटीची. मला डॉक्टरसारखं बोलावतात
आणि डॉक्टरला सांगतात तेच सांगतात:
कालपर्यंत ठणठणीत होतं, वावगं काही खाल्लं नाही.

आधी अर्थातच ग्राफिक्स कार्ड.
दर वेळी तोच संन्यासी, दर वेळी त्यालाच फाशी.
ड्रायव्हर बदलला. अकरा.
अँटिव्हायरसला म्हटलं, जरा बाहेर उभा राहा. अकरा.
फाइल सर्व्हरवरून उतरवून त्याच्याच डिस्कवर ठेवली.
साडेदहा.
प्रगती आहे, वेइयो म्हणाला.
चेहऱ्यावर काही हललं नाही.

मग आत डोकावले.
सोळा कोअरचं मशीन, वर्षअखेरी उरलेल्या पैशांतून घेतलेलं.
एक जण खड्ड्यात उतरून घाम गाळतोय,
पंधरा काठावर, फावड्याच्या दांड्यावर हनुवटी टेकून.
त्यांचाही दोष नाही.
आधी हा आकार, मग त्यावर बेतलेला तो, मग त्याच्यावरचा तिसरा,
हा हिशेब ओळीनंच होतो,
एका बिळात किती जण खणणार?

म्हणजे घोडं पेंड खातंय ते बोटीतच.
मी पुढची अर्धी बोट लपवली. दहा.
उरलेल्यातले वरचे डेक. नऊ.
इंजिन लपवलं, दोन्ही जनरेटर, जिने, जाळ्या,
पडद्यावर नुसते पाइप तरंगत राहिले
कशालाच न जोडलेले.
तरी नऊ.
पाइप लपवले. क्लॅम्प लपवले.
काळ्या पडद्यावर उरले बोल्ट,
चार हजार तीनशे बारा.
साडेआठ.

एकाच्या जवळ गेले, आणखी जवळ,
आणि आटे दिसले.
खरे. मळसूत्री. वेटोळ्यानं वेटोळं कोरलेलं,
टोकाशी पातळ होत होत विझणारं.
माझी आत्या लाकडी फिरक्यांवर लेस विणायची, या गावातल्या कित्येकींसारखी,
दुसरीच्या कामातली गाठ तिला चार हातांवरून दिसायची.
तिलाही इथं काही सापडलं नसतं.

कुणी केलं हे?
वेइयोनं रिकाम्या कपात चमचा फिरवला.
ऑर्डरी नव्हत्या तेव्हा, म्हणाला. दोन हजार नऊ.
या म्हणायचे, आलो की काम नाही.
तीन आठवडे लागले.
मग जरा वेळानं:
आटे नसतील तर त्याला खिळा म्हणावं.

बोल्ट डब्यातून येतात. ‘एम बारा’ लिहिलं की पुरे.
हे मी त्याला काय सांगणार,
मी जन्मायच्या आधीपासून तो बोटी काढतोय.
क्लिक त्यानंच केलं.
गुळगुळीत दांडे उरले, डोक्यावर टोप्या.

बोट आता हाताच्या आधी वळते.
साम्प्सा पलीकडच्या टेबलावरून उठून आला,
तीनदा गरगर फिरवून गेला, पोराला भोवरा मिळावा तसा.
मी तिकीट बंद केलं. कारण: आटे. उपाय: काढले.

चारला फोन. वेइयो.
थोडी सावकाश करता येईल का?
काय?
ती फिरायची तेव्हा मी बघायचो.
शिडीमागचा व्हॉल्व्ह, चाक भिंतीला टेकलेलं, हात जाणार नाही,
गेल्या महिन्यात सापडला.
सातव्या सेकंदाला.

असं सेटिंग नसतं, मी म्हणाले.

असतं खरं तर.
तिसऱ्या पानावर, खालून दुसरं.